दोष काढणं सोडायचं, मागणं सोडायचं नाही: घरी बसून रोज कसं जमवायचं

मत्तयच्या शुभवर्तमानाचा ७वा अध्याय आपल्यातल्या बहुतेकांना तुकड्यातुकड्यांनी पाठ असतो. पहिल्या पाच वचनांत येशू म्हणतो दुसऱ्याचे दोष काढत बसू नका, आणि सातव्यापासून म्हणतो मागा, शोधा, ठोका. यातला पहिला तुकडा आपण कधी वापरतो, तर कोणी आपल्याला दोन शब्द सुनावले की लगेच, "जज करू नको हां, बायबलात लिहिलंय". आणि दुसरा तुकडा मुलाच्या नोकरीसाठी नाहीतर मुलीच्या लग्नासाठी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही, उपदेशातसुद्धा ते वेगवेगळ्या रविवारी येतात.

माझं म्हणणं असं की हे दोन्ही एकत्रच करावं लागतं, सुटं सुटं केलं की दोन्ही फसतं. नुसतं "आजपासून कोणाबद्दल वाईट बोलणार नाही" ठरवलं तर ते दोन दिवस टिकतं, कारण तोंड बंद केलं तरी मनातला कारखाना चालूच असतो. आणि नुसती प्रार्थना वाढवली तर माणूस रोज तासभर गुडघ्यावर बसूनही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे निकाल लावणारा राहू शकतो, असे लोक तुमच्याही ओळखीत असतील, मी नावं विचारत नाही. पण ज्याचा दोष दिसला त्याच्यासाठीच रोज मागायला लागलं की गंमत होते, ज्याचं नाव रोज सकाळी देवासमोर घेतोय त्याच्याबद्दल संध्याकाळी चविष्ट गप्पा मारणं हळूहळू अवघड होत जातं. सगळा लेख एवढ्या एका गोष्टीवर आहे, बाकी फक्त कसं करायचं ते.

आधी हे वाचून घ्या

मत्तय ७:१-१२, लूक ११:५-१३ आणि लूक १८:१-१४. तिन्ही मिळून फारसा वेळ लागत नाही. शक्य असेल तर मोठ्याने वाचा आणि एका बैठकीत वाचा. लूक १८ कडे जरा जास्त लक्ष द्या, कारण तिथे लूकने दोन दाखले मुद्दाम शेजारी शेजारी ठेवलेत असं मला वाटतं. पहिला त्या विधवेचा, जी देवाला न घाबरणाऱ्या, माणसाचीही पर्वा नसलेल्या न्यायाधीशाकडे फेऱ्या मारून मारून शेवटी न्याय पदरात पाडून घेते, आणि लूक सुरुवातीलाच सांगून टाकतो की हा दाखला सतत प्रार्थना करावी आणि खचू नये यासाठी आहे. त्याला लागूनच दुसरा, मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, उभा राहून देवाचे आभार मानतो, कशाबद्दल तर मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखा (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापीच) तर नाहीच नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्याचा दशांश देतो. जकातदार लांब उभा, वर बघायची हिंमत नाही, छाती बडवून एकच वाक्य, देवा, मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

आता बघा, परूशी प्रार्थनेत कमी नव्हता. नियमित होता, उपासाला पक्का होता. त्याची प्रार्थना कुठे बिघडली तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे तिरका डोळा गेला तिथे. म्हणून चिकाटीचा धडा आणि तिरक्या डोळ्याचा धडा एकाच पानावर आलाय.

पायरी १: दोष काढणं म्हणजे काय ते ठरवून घ्या

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा थांबतो. "न्याय करू नका" याचा अर्थ चुकीला चूक म्हणू नका असा नाही. मत्तय ७ मध्येच पुढे १५व्या वचनात येशू खोट्या संदेष्ट्यांपासून सांभाळा म्हणतो आणि झाड फळावरून ओळखा म्हणतो, म्हणजे डोळे उघडे ठेवायचेच आहेत. योहान ७:२४ मध्ये तर वरवर बघून न्याय करू नका, नीट न्याय करा असंच सांगितलंय.

फरक असा धरा. बाजारातून पापलेट आणलं, घरी वजन केलं तर कमी भरलं. दुसऱ्या दिवशी मासेवालीला जाऊन सांगितलं की काल वजन कमी आलं, हे झालं खरं बोलणं. पण घरी बसूनच "ही माणसंच तसली, चर्चला पुढच्या बाकावर बसतात आणि काट्यात मारतात" म्हटलं की तुम्ही न्यायाधीशाच्या खुर्चीवर चढून बसलात. पहिल्यात एक घडलेली गोष्ट आहे आणि ती ज्याची त्याला तोंडावर सांगितलीय. दुसऱ्यात आख्ख्या माणसाचा, त्याच्या घराण्याचा आणि त्याच्या भक्तीचा निकाल लावून झालाय, तोही तो हजर नसताना. याकोब ४:१२ म्हणतो नियम देणारा आणि न्याय करणारा एकच, मग शेजाऱ्याचा न्याय करणारा तू कोण.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहितो. घरात कोणी मारहाण करतंय, मुलांना त्रास देतंय, बाईमाणसाला धमकावतंय, अशा ठिकाणी "जज करू नका, प्रार्थना करा" म्हणून गप्प बसवणं हा या वचनाचा सरळ गैरवापर आहे. तिथे आधी ११२ ला नाहीतर महिला हेल्पलाइन १८१ ला फोन लावायचा, माणूस सुरक्षित जागी न्यायचा आणि मग प्रार्थना, म्हणजे फोन लावतालावताच केलीत तरी चालेल. चर्चची अब्रू जाईल म्हणून प्रकरण दाबणाऱ्यांनी मत्तय १८:६ पण वाचावं, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याबद्दल जे म्हटलंय ते.

पायरी २: आपण कुठे घसरतो ती ठिकाणं शोधा

प्रत्येकाची ठिकाणं ठरलेली असतात. आठवडाभर फक्त लक्ष ठेवा, काही बदलू नका, नुसतं बघा की कोणाबद्दल, कुठे आणि कोणाबरोबर बोलताना आपली जीभ सुटते. आपल्याकडे रविवारी मिस्सा नाहीतर उपासना सुटली की कंपाउंडमध्ये जी पंधरा मिनिटं जातात ती एक जागा. "त्येचो झील काल परत पिऊन इलो, आयकलंस?" इथून सुरू होऊन कोणाच्या सुनेने काय घातलं होतं इथपर्यंत, आणि आत नुकतंच "जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" म्हणून आलेलो असतो. दुसरी जागा व्हॉट्सॲप. तिसरी डिसेंबर, चाकरमानी मुंबईहून आले की कोणी किती कमावलं, कोणाचं घर पडायला आलं, कोणाच्या पोराने धर्माबाहेर लग्न केलं, सगळ्यांचे ताळेबंद खळ्यात बसून होतात.

चौथी जागा जास्त नाजूक आहे, एकमेकांच्या भक्तीबद्दलची. कॅथलिक म्हणणार प्रोटेस्टंट माणसांना मरियेबद्दल आदरच नाही, प्रोटेस्टंट म्हणणार हे तेर्स (जपमाळेची प्रार्थना, रोझरी) म्हणतात ती नुसती घोकंपट्टी, आणि नवीन फेलोशिपला जाणारे म्हणणार या दोघांचंही खरं तारणच झालेलं नाही. मग गणपती आले की आणखी एक. शेजारचे पिढ्यान्‌पिढ्यांचे, आपल्या घरात मयत झाली तेव्हा रात्रभर बसलेले, त्यांच्याकडे आरतीला उभं राहायचं की नाही, मोदक घ्यायचा की नाही. एका घरात घेतात, शेजारच्या ख्रिस्ती घरात घेत नाहीत, आणि दोन्ही घरं एकमेकांचा निकाल लावून मोकळी.

हा वाद नवा नाही बरं का. प्रेषित पौलाच्या काळात रोमच्या ख्रिस्ती मंडळीत काही जण सगळं खात होते, काही फक्त भाजीपाला, काही जण विशिष्ट दिवस पाळत होते, काहींना सगळे दिवस सारखे. करिंथमध्ये मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसावरून भांडण होतं. पौलाला त्यात स्वतःचं मत नव्हतं असं नाही, होतं आणि त्याने ते लिहिलंय. पण रोमकरांस १४ मध्ये त्याचा जोर वेगळ्या गोष्टीवर आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण, तो त्याच्या धन्यापुढे उभा राहील किंवा पडेल. म्हणजे दोन्ही बाजूंना आपापली शिक्षा बरोबर मोजून दिलीय, मोकळ्या माणसाचा दोष तुच्छतेचा असतो आणि कडक माणसाचा न्याय करण्याचा. आपण कुठल्या बाजूचे ते बघून आपलं औषध घ्यावं. (लेंटमध्ये, म्हणजे इस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, शुक्रवारी मटण सोडून सुरमईचं तिखलं आणि भात खायचा, हा कोकणात उपास धरायचा की मेजवानी, हा प्रश्न मी देवावर सोडलाय.)

हा आठवडा संपला की तुमच्याकडे तीनचार नावं आलेली असतील. बहुतेक वेळा माणसं तीचतीच असतात, आणि हे बघूनच जरा धक्का बसतो.

पायरी ३: आधी मुसळ

येशूने कुसळ आणि मुसळाचं जे सांगितलं त्याचा क्रम लोक विसरतात. तो कुसळ काढूच नको म्हणत नाही, आधी आपलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल, असं म्हणतो. म्हणजे शेवटी मदत करायचीच आहे, फक्त आंधळ्याने डोळ्याचं ऑपरेशन करू नये.

मग मुसळ शोधायचं कसं? २ शमुवेल १२ वाचा. दावीदाने उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढे करून मारवलं, आणि नाथान संदेष्टा येऊन त्याला गोष्ट सांगतो, एका श्रीमंताने पाहुण्यासाठी गरिबाची एकुलती एक मेंढी कापली. दावीद भडकतो, असा माणूस मेलाच पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. गोष्टीतल्या श्रीमंतावर दावीद इतका का चिडला हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण ज्या दोषावर गरजेपेक्षा जास्त चिडतो त्याचं एखादं रूप बऱ्याचदा आपल्याच घरात बसलेलं असतं. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा.

म्हणून मागच्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक नावासमोर थांबून स्वतःला विचारा: याच्यातलं नेमकं काय मला खुपतं, तेच मी दुसऱ्या कुठल्या रूपात करतो का, आणि याच्या जागी याची परिस्थिती, याची आईबापं, याचं कर्ज असतं तर मी कसा वागलो असतो. उदाहरण देतो. पैसे उधार घेऊन परत न करणाऱ्या माणसाचा तुम्हाला मनस्वी राग आहे. ठीक. आता तुमच्याकडून किती जणांचं काय येणं आहे ते बघा, पैसे नसतील, पण आजारी काकीला भेटायला येतो म्हणून सांगितलेलं असेल, भावाला जमिनीच्या कागदांवर सही देतो म्हणून दोन वर्षं टोलवलं असेल. कोकणातल्या सातबारावर किती नावं आणि किती अडकलेल्या सह्या असतात ते मी तुम्हाला सांगायला नको.

जे सापडेल ते देवाला नाव घेऊन सांगा. "मी पापी आहे" हे फार सोयीचं वाक्य आहे, त्यात काहीच सांगितलेलं नसतं. "मी भावाला सही दिली नाही कारण मला त्याच्यापेक्षा जास्त वाटा पाहिजे होता" असं सांगा. कॅथलिक असाल तर कन्फेशनला जा, आजी ज्याला कुमसार म्हणायची ते. नसाल तर याकोब ५:१६ प्रमाणे एका विश्वासातल्या माणसाला सांगा, एकालाच. स्तोत्र ५१ आणि स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं यासाठी चांगली आहेत. मात्र यात दिवसचे दिवस काढू नका, स्वतःला कुटत बसणं हापण एक प्रकारे स्वतःचाच न्याय करत बसणं आहे आणि पौल १ करिंथ ४:३ मध्ये सांगतो की तो स्वतःचासुद्धा न्याय करत नाही.

पायरी ४: दोष नको, नाव लिहा

साधी दोनशे पानी वही घ्या. एका पानावर एक नाव, आणि नावाखाली त्याचा दोष लिहायचा नाही, त्याची गरज लिहायची. हीच या सगळ्यातली मेहनतीची जागा आहे कारण दोष आपल्याला तोंडपाठ असतो, गरज मात्र विचार करूनही सुचत नाही. समजा वाडीतला एक जण दारू पितो. "त्याची दारू सुटू दे" ही प्रार्थना चुकीची नाही, पण त्यात आपण अजून लांब उभे आहोत. जरा जवळ जाऊन बघा. तो पितो कधी, तर संध्याकाळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी किनाऱ्यावर ओढून वर झावळ्या घातलेल्या, हाताला काम नाही, बंदी उठायच्या आधी जाळ्याचं आणि इंजिनाचं कर्ज डोक्यावर. मग लिहा: "संध्याकाळी सात ते नऊ त्याच्याजवळ कोणीतरी असू दे. कर्जाचा काहीतरी मार्ग निघू दे. मुलगी बापाशी परत बोलायला लागू दे." आता हे लिहिताना लक्षात येतं की सात ते नऊमध्ये त्याच्याकडे जाऊन बसणारा माणूस तुम्हीही असू शकता. प्रार्थना अशी अंगाशी येते, हे आधीच सांगून ठेवतो.

वही उघड्यावर ठेवू नका. नावाऐवजी एखादं अक्षर लिहिलंत तरी देवाला कळतं.

आता याच पायरीतला मोठा खड्डा. प्रार्थनासभेत "प्रेयर रिक्वेस्ट" या नावाखाली गजाली चालतात. "अमक्यासाठी प्रार्थना करा हां, मी जास्त काही सांगत नाही, पण त्याच्या घरात काय चाललंय ते देवालाच माहीत", झालं, सांगायचं ते सांगून झालं आणि रात्री जेवायच्या आधी ते तिन्ही वाड्यांत पोचलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हे फॉरवर्ड होत होत मुंबई-दुबईला जातं. नियम सोपा ठेवा: ज्याच्यासाठी प्रार्थना मागताय त्याला विचारलंय का? विचारलं नसेल तर ग्रुपवर टाकायचं नाही, वहीत टाकायचं. सभेत कोणी असं सुरू केलंच तर "आपण आत्ता लगेच प्रार्थना करूया" म्हणून डोळे मिटून सुरुवातच करून टाका. बोलणं आपोआप बंद होतं, आणि कोणाला टोचतही नाही.

पायरी ५: आता मागत राहा, आणि मागत राहणं म्हणजे काय ते समजून घ्या

लूक ११ मधला मध्यरात्रीचा मित्र बघा. त्या काळातल्या गावातलं साधं एकखोली घर, दाराला अडसर घातलेला, मुलं बापाजवळ झोपलेली, उठायचं म्हणजे सगळं घर उठणार. आणि बाहेर एक जण, माझ्याकडे पाहुणा आलाय, तीन भाकरी दे. स्वतःसाठी मागत नाहीये हे लक्षात घ्या, पाहुण्यासाठी मागतोय. आपल्याकडे रात्री अकराच्या एसटीने पाहुणे उतरले आणि घरात तांदूळ नसले की माजघरातून मागच्या दाराने शेजारी जाऊन जसं हक्काने उठवायचं, तसंच ते. आतला माणूस मैत्रीखातर उठला नाही तरी त्याच्या लाज सोडून मागत राहण्यामुळे उठतो आणि पाहिजे तेवढं देतो.

पण याचा अर्थ देव झोपलेला आहे आणि आपण दार बडवून त्याला जागं करायचं असा काढू नका. विधवेच्या दाखल्यातही देव त्या न्यायाधीशासारखा नाहीये. येशूचा मुद्दा असा आहे की इतका वाईट न्यायाधीशसुद्धा शेवटी ऐकतो तर स्वर्गातला बाप किती जास्त ऐकेल. मुलाने भाकर मागितली तर बाप धोंडा देत नाही, मासा मागितला तर साप देत नाही.

मग रोज रोज मागायचं कशाला, तो ऐकतोच तर? प्रामाणिक प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवाने त्यातला अर्धा भाग आपल्यासाठी असतो. पहिल्या दिवशी आपण कोणासाठी मागतो तेव्हा खरं तर त्याची तक्रारच करत असतो. महिनाभर मागत राहिलं की तक्रार संपते कारण तीच तीच बोलून कंटाळा येतो, आणि मग पहिल्यांदा त्या माणसाकडे बघायला सुरुवात होते.

मोनिकाची गोष्ट इथे सांगतो कारण याच्यासाठी तिच्याइतकं बरोबर उदाहरण दुसरं नाही. चौथं शतक, आजच्या अल्जीरियातलं थगास्ते गाव, नवरा तापट आणि बराच काळ ख्रिस्ती नसलेला, हुशार मुलगा ऑगस्टीन मानी नावाच्या गुरूच्या पंथाला लागलेला. तिने सुरुवातीला काय केलं, तर त्याला घरात ताटाला बसायचंच बंद केलं. म्हणजे निकाल लावून मोकळी. पुढे एका स्वप्नानंतर तिने त्याला परत घेतलं आणि रडत प्रार्थना करत राहिली. एका बिशपकडे गेली की तुम्ही याच्याशी वाद घालून याला समजवा, तर तो म्हणाला त्याला सोड, फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर. ती ऐकेना, तेव्हा वैतागून म्हणाला की एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. ३८३ साली ऑगस्टीनने तिला चक्क फसवलं, कार्थेज बंदरावर मित्राला निरोप द्यायचाय म्हणून सांगितलं, ती जवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकात रात्रभर प्रार्थना करत राहिली आणि हा गलबतात बसून रोमला पसार. ती प्रार्थना करत होती की हा जाऊ नये, आणि तो गेला, आणि इटलीत गेल्यामुळेच त्याला मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोज भेटला. ३८७ च्या इस्टरला अँब्रोजनेच त्याचा बाप्तिस्मा केला. मोनिकाही समुद्र ओलांडून त्याच्यामागे गेलेली होती, तिने ते बघितलं आणि त्याच वर्षी ओस्तिया बंदरात ती वारली. बंदरावरच्या त्या रात्रीची तिची प्रार्थना ऐकली गेली की नाही, याचं उत्तर तुम्हीच द्या.

जवळचं पाहिजे असेल तर आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले कवी ना. वा. टिळक घ्या. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली, दोन्हीकडच्या लोकांनी निकाल लावायला कमी केलं नसणार. पुढे त्या परत संसारात आल्या, स्वतःच्या मनाने विचार केला आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं. आपल्याला पाच आठवडे निघत नाहीत.

रोजचं वेळापत्रक मोठं ठेवू नका. सकाळी चहा व्हायच्या आधी दहा मिनिटं, वहीतली तीन नावं, प्रत्येकासाठी दोनतीन वाक्यं, शेवटी "हे आमच्या स्वर्गातील पित्या", संपलं. तेर्स म्हणणाऱ्या घरात दहा मण्यांचं एकेक दशक एकेका नावासाठी अर्पण करता येतं, ही जुनीच पद्धत आहे आणि पोरंसुद्धा त्यात रमतात, कारण कोणाचं नाव घ्यायचं ते त्यांनी निवडायचं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल करायची गरज नाही, देवाकडे हजेरीपट नाही. झोप आली तर उभं राहून करा.

पायरी ६: उत्तर आलं नाही तर

मार्क ११:२५ सांगतो प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. १ पेत्र ३:७ नवऱ्यांना सांगतो बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. हे दोन एकदा तपासून बघावेत. स्वतःसाठी, हां. दुसऱ्याची प्रार्थना का ऐकली नाही याची चौकशी करायला ही वचनं नाहीत.

कारण याच जागी दोष काढणं मागच्या दाराने परत आत येतं. मूल आजारी आहे, आईबाप दोन वर्षं प्रार्थना करतायत आणि कोणीतरी येऊन सांगतं "तुमचा विश्वास कमी पडतोय" किंवा "घरात काहीतरी पाप असेल". निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. योहान ९ मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाला बघून शिष्यांनी विचारलं की पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने, तर येशू म्हणाला याने नाही आणि त्यांनीही नाही. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे असं उत्तर आलं. खुद्द येशूने गेथशेमानीत तीनदा तेच मागितलं आणि प्याला टळला नाही. आता त्याचा विश्वास कमी पडला म्हणणार का? आणि हे सांगायला लागू नये, पण बीपीच्या, शुगरच्या, फिट्सच्या गोळ्या प्रार्थना चालू आहे म्हणून कोणी बंद करायला सांगितल्या तर ऐकू नका, गोळी घ्या आणि प्रार्थना करा.

पायरी ७: तोंडावर बोलायची वेळ आली तर

कधीकधी बोलावंच लागतं. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी एकट्याने, दोघांतच. गलती ६:१ म्हणतं सौम्यपणे, आणि आपणही मोहात पडू शकतो हे लक्षात ठेवून. माझा अंदाज असा की ज्याच्यासाठी निदान महिनाभर वहीत नाव ठेवून मागितलेलं नाही त्याला उपदेश करायला जाऊ नये, तातडीची किंवा धोक्याची गोष्ट असेल तर सोडून. लग्नात, मयतीला, दारू चढलेली असताना आणि ग्रुपवर तर कधीच नाही. त्याच्या घरी जा, पडवीत बसा, चहा होऊ दे. पहिलं वाक्य त्याच्या चुकीबद्दल नसावं.

आणि तो ऐकायला तयार नसेल तर उठून या. मत्तय ७ मध्ये दोष काढू नका आणि मागा या दोन्हींच्या मधोमध ६वं वचन आहे, मोती डुकरांपुढे टाकू नका, ते लोक दुसऱ्याला डुक्कर ठरवायला वापरतात. मला त्यात एवढंच दिसतं की प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येक वेळी प्रत्येकाच्या गळी उतरवायचा ठेका आपण घेतलेला नाही. बोलून काही झालं नाही तर परत वहीकडे. त्याच्या लगेच नंतर सातवं वचन आहेच, मागा.

काही बारीकसारीक

फोनमध्ये नोट करून चालेल का असं विचारतात. चालेल, फक्त प्रार्थना करायला फोन उघडला आणि आधी कोणाचं तरी स्टेटस बघून त्याचाच निकाल लावून बसलो असं होऊ देऊ नका, मला तरी कागदच बरा वाटतो. कोणाबद्दल मागितलेलं झालं तर नाव खोडू नका, शेजारी तारीख घाला. ज्यांच्याशी तुमचं जमतच नाही अशी नावं एका वेळी दोनपेक्षा जास्त घेऊ नका, सुरुवातीला झेपत नाही, बाकीची सोपी माणसं घ्या. घरातल्यांची नावं विसरू नका, सगळ्यात जास्त निकाल आपण तिथेच लावतो. आणि वही भरली की नवी वही आणून ज्यांच्याबद्दल अजून काही हललेलं नाही ती नावं सगळ्यात आधी उतरवून घ्यायची, तिथूनच पुढे.